पॉलिश मारलेली गाडी उन्हात गेली की रेषा परत का येतात?

शेडमध्ये ट्यूबलाइटखाली बोनेट आरशासारखं दिसतं. गिऱ्हाईक खूश होऊन गाडी घेऊन जातं. आठ-दहा दिवसांत दोन वॉशिंग होतात आणि तीच गाडी भर दुपारी पुन्हा दारात उभी राहते. काळ्या रंगावर, ओल्या फरशीवर कुणी केरसुणी फिरवावी तसे लांबट पट्टे. मान हलवली की पट्टेही हलतात. मग परत कंपाऊंड (चरा घासून काढणारी पेस्ट), परत मशीन, परत आठ दिवस. रोटरी, म्हणजे पॅड एकाच जागी गोल फिरवणारं पॉलिशचं मशीन, नवीन हातात घेतलेल्या प्रत्येकाचं हे दुखणं आहे.

लातूरला एका गुत्तेदारांची काळी एसयूव्ही मी अशी तीनदा पॉलिश केली. तिसऱ्यांदा ते घरच्या लग्नातून थेट माझ्याकडे आले. गाडीवर अजून झेंडूच्या माळा होत्या. म्हणाले, "लोकं विचारायलेत, पॉलिश मारलास का झाडू मारलास म्हणून." तोपर्यंत मी दोन कंपन्यांचं कंपाऊंड बदललं होतं, पॅड बदलला होता आणि मशीन बदलायच्या विचारात होतो. दोष यांतल्या कशातच नव्हता.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. रेषा परत येत नसतात, त्या गेलेल्याच नसतात. बहुतेक कंपाऊंड-पॉलिशमध्ये तेल असतं, काहींत चरा भरून काढणारं द्रव्यही असतं. ते बारीक चरांत जाऊन बसतं आणि प्रकाश सरळ परत फिरतो, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत वाटतो. शाम्पूनं दोन-तीनदा धुतलं की तेल निघून जातं आणि चरा उघड्या पडतात. त्यात ट्यूबलाइटचा उजेड लांबट आणि पसरट, त्याच्याखाली बारीक चर दिसतच नाही. ऊन आणि मोबाइलचा टॉर्च हे एका बिंदूतून येणारे उजेड, तेच खरं दाखवतात.

त्यामुळे तपासणीची पहिली पायरी म्हणजे तेल काढणं. केमिकलच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणायचं. एक भाग ते आणि तीन-चार भाग बॅटरीचं पाणी असं स्प्रेच्या बाटलीत मिसळायचं. पॉलिश झालेल्या भागावर फवारून स्वच्छ मायक्रोफायबरनं हलकेच पुसायचं आणि गाडी उन्हात ढकलायची. आठ दिवसांनी गिऱ्हाइकाला जे दिसणार आहे, ते तुम्हाला आत्ता दिसेल. नव्यानं मारलेल्या रंगावर मात्र हा प्रयोग नको, कच्चा रंग अल्कोहोलनं मऊ पडतो.

आता रेषा नीट बघा, कारण सगळ्या रेषा मशीनच्या नसतात. उन्हाच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वर्तुळं दिसत असतील आणि तुम्ही सरकाल तसं जाळंही सरकत असेल, तर त्या चरा गाडी पुसायच्या कपड्याच्या आहेत. त्या सगळ्या दिशांनी पडलेल्या असतात. प्रतिबिंबाला वळसा घालतील अशाच तेवढ्या चमकतात, म्हणून जाळं गोल वाटतं. याउलट रिबिनीसारखे रुंद पट्टे, मशीन ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं, आडवे किंवा उभे, हे रोटरीचं काम. याला होलोग्राम म्हणतात. आणि पांढुरक्या कड्या, थेंबाच्या आकाराच्या, मधे रिकाम्या, हे बोअरचं पाणी. तिन्हींवर उपाय वेगळे. मी पहिल्या दोनदा तिन्हींवर कंपाऊंडच मारत राहिलो.

होलोग्राम रोटरीनंच का पडतात, हे समजलं की निम्मं काम होतं. रोटरीचा पॅड एकाच आसाभोवती फिरतो आणि अडवला तरी थांबत नाही. डीए (ड्युअल ॲक्शन) मशीनमध्ये फिरण्यासोबत एक डोलणं असतं, त्यामुळे त्याच्या चरा एकमेकींना मोडत जातात. रोटरीच्या चरा एकाच वळणाच्या, शेजारी शेजारी. शिवाय पॅडचा मधला भाग हळू आणि कड जोरात फिरते. ६ इंची पॅड १,५०० आरपीएमवर (मिनिटाला १,५०० फेरे) असेल तर त्याची कड ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं रंगावरून जात असते. पॅड सपाट असेल तर जोर सगळीकडे वाटला जातो. तो थोडा जरी कलला तरी सगळं काम ती पळती कडच करते आणि तिचीच वाट उन्हात दिसते.

हात कलतोय हे कळायचं कसं? मला हे एका पेंटर उस्तादांनी दाखवलं. त्यांनी भंगारातून आणलेलं एक बोनेट दोन टायरांवर आडवं टाकलं, स्पंजचा पॅड पाण्यात बुडवून पिळला, मशीन ६०० वर ठेवलं आणि म्हणाले, "कंपाऊंड लावूच नको. हात ढिला सोड आन् बघ कुठं पळायलंय." मशीन माझ्या पोटाकडे यायला लागलं. मी दाबून धरलं तर आणखी जोरात आलं. उस्ताद हसले आणि त्यांनी माझ्या डाव्या हाताच्या मनगटावर फक्त बोट ठेवलं.

डाव्या बाजूच्या दांड्यावर माझा हात जड पडत होता. वरून पाहिलं तर मशीन घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं (डोक्यावर बाणाची खूण असते, एकदा बघून घ्या). डावी कड दाबली गेली की तिथं पॅड तुमच्यापासून लांब ढकलत असतो, म्हणून मशीन उलटं तुमच्याकडे येतं. उजवी कड दाबली तर ते लांब पळतं. पलीकडची कड टेकली तर डावीकडे जातं, अलीकडची टेकली तर उजवीकडे. पॅड खरोखर सपाट असेल तर मशीन जागेवर तरंगतं आणि दोन बोटांनी हलवता येतं. हा नियम एकदा अंगात मुरला की पॅड वाकून बघावं लागत नाही, मशीन स्वतःच सांगतं. मी आठवडाभर रोज संध्याकाळी अर्धा तास त्या बोनेटवर नुसता ओला पॅड फिरवला. बाजूचा दांडा काढून टाकला आणि डावा हात मशीनच्या डोक्यावर ठेवायला लागलो, तेव्हा कुठं पोटाकडे येणं थांबलं.

एक इशारा इथंच देतो. काही ठिकाणी अँगल ग्राइंडरलाच पॅड लावून पॉलिश करतात. छोटा ग्राइंडर साधारण ११,००० आरपीएमला फिरतो आणि पॉलिशिंगला ६०० ते २,००० पुरतात. ग्राइंडरनं क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जळायला दोन सेकंदही लागत नाहीत.

हात सुधारला तरी गुत्तेदारांच्या गाडीवरचे पट्टे पूर्ण गेले नव्हते, फिके झाले होते. म्हणजे दोष आणखी कुठंतरी होता. तो शोधायला मी एक साधी युक्ती वापरली आणि आजही वापरतो. दीड फूट बाय दीड फूट चौकोन मास्किंग टेपनं आखायचा. कंपाऊंडची फेरी फक्त आडवी मारायची, एका मडगार्डकडून दुसऱ्याकडे. मग पॅड बदलून फिनिशिंगची फेरी फक्त उभी, काचेकडून नंबरप्लेटकडे. अल्कोहोलनं पुसून उन्हात बघायचं. पट्टे आडवे दिसले तर ते कंपाऊंडचे, म्हणजे फिनिशिंग कमी पडलं. उभे दिसले तर फिनिशिंगच नवे पट्टे पाडतंय, म्हणजे पॅड, पॉलिश किंवा हात यांपैकी काहीतरी चुकतंय. दोन्ही दिसले तर दोन्ही.

माझे आडवे निघाले. लोकरीच्या पॅडनं आणि जाड कंपाऊंडनं मी जुने स्क्रॅच काढत होतो. ते ठीकच, लोकर कापायलाच असते. पण लोकरीचा धागाच स्वतः चरा पाडतो, त्या काढायला मऊ स्पंजची स्वतंत्र फेरी लागते. ती मी उरकायच्या घाईत मारत होतो, एका पॅनेलला दोन मिनिटं, १,८०० वर. आता लोकरीनंतर मध्यम स्पंज येतो, मग मऊ स्पंज आणि बारीक पॉलिश. शेवटची फेरी १,००० ते १,२०० वर, मशीनच्या स्वतःच्या वजनाशिवाय काहीही जोर न देता. मशीनची प्रत्येक वाट आधीच्या वाटेवर अर्धी चढवायची. अगदी शेवटी ६००-८०० वर एक हलकी फेरी आणि पॉलिशचा थर पारदर्शक दिसायला लागला की थांबायचं. कंपाऊंड घ्यायचं तुरीच्या दाण्याएवढे चार-पाच थेंब. जास्त घेतलं की पॅड चिकट होऊन घासायच्या ऐवजी सरकायला लागतो.

ज्यांच्याकडे डीए आहे त्यांनी कापायला रोटरी आणि शेवटच्या फेरीला डीए वापरावं. खरं सांगायचं तर काळ्या गाडीवर मी आता तेच करतो. नुसत्या रोटरीनंही काळ्या रंगावर पट्टे न पाडता पॉलिश करता येतं, उस्ताद करतात, पण त्यांचा हात तीस वर्षांचा आहे.

तुमचे पट्टे उभे, म्हणजे फिनिशिंगचे निघाले तर आधी पॅड बघा. निघालेला क्लिअर आणि सुकलेलं कंपाऊंड पॅडवर कडक पापुद्रा धरतं. बोट फिरवलं तर खरखर लागते. तीच खरखर पुढच्या पॅनेलवर जाते. दर पॅनेलनंतर नायलॉनच्या ब्रशनं पॅड झाडायचा आणि पूर्ण गाडीला एकच मऊ पॅड वापरायचा नाही, तीन तरी ठेवायचे. खाली पडलेला पॅड धुतल्याशिवाय परत मशीनला लावायचा नाही, मग तो शेवटचा का असेना. आमच्याकडे मुरमाचं अंगण, एक खडा पुरतो. आणि बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, पॅड धुतल्यासारखा वाटतो पण वाळल्यावर कडक होतो. शेवटचं खळबळणं तरी आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात करा. पुसायच्या मायक्रोफायबरलाही हेच लागू. त्याचं कडेचं लेबल आधी कापून टाका, मऊ क्लिअरवर तेही चरा पाडतं. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल आणि हातातलं कडं काढून ठेवा, वायर खांद्यावरून मागे टाका. हे सगळं मी एकेक करून शिकलो आणि प्रत्येक वेळी कुणाच्या तरी दारावर.

उन्हाची गोष्ट इकडे वेगळी लिहावी लागते. एप्रिल-मेमध्ये लातूर, परभणी, नांदेडला पारा ४२ च्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये सावली असली तरी भट्टीच असते. बोनेटवर तळहात पाच सेकंद ठेवता येत नसेल तर पॉलिश लावू नका. लावताक्षणी त्यातला ओलावा उडतो, कंपाऊंडची भुकटी होते आणि तीच भुकटी पॉलिश पेपरसारखी घासते. त्यात पॅड स्वतः उष्णता करतो. पत्र्यातून ती पसरते तरी, प्लास्टिकच्या बंपरमधून पसरत नाही, म्हणून बंपर सगळ्यांत आधी जळतो. उन्हाळ्यात मी सकाळी सहाला सुरू करतो आणि दहाला मशीन ठेवून देतो. रस्त्यावरून आलेल्या गाडीचं बोनेट शेवटी घेतो, तोवर इंजिन निवतं. थंड करायला गरम बोनेटवर पाइप धरणं टाळा, त्याचं कारण खाली पाण्याच्या मुद्द्यात येईल.

विजेचं थोडक्यात. भार पडला की स्वस्त मशीनचा वेग पडतो, व्होल्टेज कमी असेल तर आणखी पडतो आणि आपण नकळत दाबायला लागतो. दाबलं की कलतं. पन्नास फूट बारीक वायरचं एक्स्टेन्शन वापरत असाल तर ते बदलून जाड वायरचं घ्या. माझ्या शेजारच्या वेल्डरनं आर्क पेटवला की माझं मशीन कुंथायचं. आता आम्ही वेळा वाटून घेतल्यात.

पांढऱ्या कड्यांचं निदान सोपं आणि इलाज अर्धवट. आमच्या भागात बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमनं जड झालेलं. गरम पत्र्यावर थेंब वाळला की पाणी उडतं आणि क्षारांची कडी उरते. ताजी असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन, फडकं त्यात भिजवून मिनिटभर ठेवायचं आणि लगेच भरपूर पाण्यानं धुऊन कोरडं करायचं. उन्हात कधीच नाही. यानं कडी गेली तर मशीन लावायची गरजच नाही. क्षार काढूनही खड्डा दिसत असेल तर क्लिअर खाल्लं गेलंय, तिथं पॉलिश लागेल आणि काही खड्डे राहतीलच. मी गुत्तेदारांच्या छतावर या कड्या कंपाऊंडनं काढायला गेलो. कंपाऊंडनं कडी फोडली आणि तिचे कण पॅडमध्ये अडकून पूर्ण छतभर फिरले.

कपड्यानं पडलेल्या गोल जाळ्याच्या बाबतीत तर मशीनवाल्याच्या हातात काहीच नसतं. २०१६ साली आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या उन्हाळ्यात गाडी धुणं हा गुन्हा वाटायचा आणि तेव्हापासून, की त्याच्याही आधीपासून, सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी झटकायची सवय घराघरात आहे. गुत्तेदारांचा ड्रायव्हर खांद्यावरच्या गमछानंच बोनेट पुसायचा. साइटवरची सिमेंटची धूळ, वर गमछा. मी डिकीत एक बाटली पातळ शाम्पूचं पाणी आणि चार मऊ फडकी ठेवून दिली. त्याला सांगितलं, आधी फवार, धूळ भिजू दे, मग एका दिशेनं पुस आणि फडक्याची घडी बदलत राहा. दोन लिटर पाण्यात होतं. तो करतो की नाही हे मला बोनेटवरूनच कळतं.

अजून एक प्रकार आहे, तो फक्त टचिंग झालेल्या, म्हणजे गॅरेजमध्ये परत रंग मारलेल्या पॅनेलवर येतो. बेकिंग बूथ नसलेल्या गॅरेजमध्ये रंग उन्हात वाळवतात. वरून कडक वाटला तरी आतलं सॉल्व्हंट कितीतरी दिवस उडत राहतं आणि क्लिअर आक्रसतं. मग १,५०० किंवा २,००० नंबरच्या पेपरनं घासल्याच्या रेषा, ज्या पॉलिशच्या दिवशी गेल्या होत्या, महिन्याभरात वर येतात. अशा पॅनेलला घाई न करता महिना जाऊ द्या आणि मगच शेवटची पॉलिश मारा. पेंटरला आणि तुम्हाला दोघांनाही शिव्या कमी बसतील.

परत परत पॉलिश मारण्यात धोका काय, तर जाडीचा. कंपनीच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन असते आणि त्यातला सगळ्यात वरचा क्लिअर ३५ ते ५०. काही वर्षांपूर्वी ५० मायक्रॉनच्या आतल्या कॅरीबॅगवर बंदी होती, दुकानदार बोटांनी चोळून बघायचे. तेवढ्याच जाडीच्या पापुद्र्यावर आपण लोकर फिरवतो. दरवेळी त्यातलं थोडं कायमचं जातं. बोनेटची घडी, दाराची कड, मडगार्डची रेघ इथं तर मुळातच थर पातळ बसलेला असतो. कडांवर टेप लावा आणि पॅड नेहमी कडेवरून बाहेर उतरेल असा फिरवा, कडेवर चढेल असा नाही. क्लिअर असलेल्या गाडीवर पॅडला गाडीचा रंग लागला तर त्याच क्षणी मशीन उचला, क्लिअर संपलंय. जुन्या सॉलिड रंगाच्या, क्लिअर नसलेल्या गाडीवर मात्र पॅड रंगणारच, तिथं घाबरू नका. मायक्रॉन मोजायचं मीटर परवडत असेल तर मशीनच्या आधी ते घ्या. मी उलटं केलं.

चौथ्या वेळी गुत्तेदारांची गाडी मी तीन सकाळी ठेवून घेतली. छताच्या कड्या आधी व्हिनेगरनं काढल्या. बोनेटवर लोकर लावलीच नाही, मध्यम स्पंजनं जेवढं निघालं तेवढं काढलं, कारण तीनदा कापून झालं होतं. शेवटची फेरी उस्तादांकडून आणलेल्या डीएनं मारली. तिसऱ्या दिवशी साडेदहाला त्यांना बोलावलं, गाडी उन्हात काढली आणि त्यांच्या समोर अर्धं बोनेट अल्कोहोलनं पुसलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकून डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग छतावर अँटेनाच्या मागं बोट ठेवलं. तिथं वीतभर पट्टा अजून होता.

"हे?"

"ते राहू द्या साहेब. तिथं मीटर खाली गेलंय. अजून मारलं तर रंगच निघंल."

त्यांनी खिशातून पैसे काढले, मोजले आणि ड्रायव्हरच्या खांद्यावरचा गमछा ओढून माझ्या टेबलावर ठेवला.